सोमल गेला कुठे?

एका खाडीच्या काठी भानुमती नावाची एक राजवैद्य राहत होती. तिने पाणी निर्मळ म्हटले, की राजाने डोळे मिटून प्यावे, असा तिचा लौकिक होता.

खाडीला मिळणाऱ्या नदीच्या वरच्या अंगाला डोंगरात सोमलाची खाण होती. सोमल म्हणजे आर्सेनिक, जहाल विष. ते झिरपून नदीत उतरे. भानुमती पाणी तीव्र अर्कात उकळून त्यात तांब्याची पट्टी बुडवी. विष असले की पट्टी काळी पडे. डोंगरात ती काळी पडे, खाडीत मात्र लखलखीत राही. “समुद्र सगळं वाहून नेतो,” असे तिने राजाला सांगून टाकले.

राजाला तेच हवे होते. खाडी उपसायची, मोठी गलबते आत आणायची आणि निघालेला गाळ गावाच्या भातखाचरांत पसरायचा, असा त्याचा बेत होता. मुहूर्त ठरला. राजाने भेट दिलेली मानाची पालखी भानुमतीच्या दारात आली.

आणि तिला शंका आली. भरतीला समुद्रच आत येतो, मग सगळे वाहून कसे जाईल? सोमल गेला कुठे?

दुसरे कोणी असते तर पालखीत बसून गप्प राहिले असते. ही होडीत बसली आणि तळचा तांबूस गाळ घेऊन आली. पट्टी काळीकुट्ट पडली! तेव्हा तिला उमगले. नदीच्या पाण्यात लोखंडाच्या गंजाचे बारीक कण असतात. खारे पाणी भेटले की ते एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि सोमलालाही धरून नेतात. मग तिने तो गाळ पाणी घालून मडक्यात झाकून ठेवला, खाचरात राहतो तसा. काही दिवसांनी वरचे पाणीही विषारी झाले. कोंडलेल्या पाण्यात गंज विरघळला होता आणि सोमल सुटला होता.

मुहूर्ताला सारा गाव जमला होता. भानुमती पुढे आली.

“महाराज, मी चुकले. विष वाहून गेलेलं नाही, ते गाळानं धरून ठेवलंय. गाळ उपसू नका.”

प्रधान तिच्या कानाशी लागला, “बाई, तुमचं नाव जाईल.”

“नाव माझं एकटीचं जाईल. गाळ खाचरात गेला तर गाव जाईल.”

केवढे हे धैर्य! राजा रागावला, पण त्याने मुहूर्तासाठी उचललेली कुदळ खाली ठेवली. गलबते खाडीच्या मुखाशीच थांबवून माल होड्यांनी आणायचे ठरले. पालखी मात्र त्याने परत नेली. राजेच ते!

भानुमती पायीच घरी निघाली. वाटेत चांगुणा नावाच्या म्हाताऱ्या कोळणीने तिचा हात धरला.

“बाय, आजवर तुझ्या बोलावर राजाचा भरोसा होता. आजपासून आमचा पण.”

तात्पर्य: स्वतःची चूक स्वतः शोधून ती वेळेवर चारचौघांत सांगणाऱ्याचा मान गेला तरी चालतो, त्याच्या शब्दाचे वजन वाढलेले असते.