दोन आठवणदार आणि एक टिपरी

फार फार जुन्या काळी डोंगराआड एक राज्य होतं. जगात तेव्हा अक्षरं होती, पण ती या राज्यापर्यंत पोचली नव्हती. त्यामुळे दरबारात साक्षी-पुरावे माणसांच्या डोक्यात ठेवत. हे काम करणाऱ्याला आठवणदार म्हणत. संध्याकाळी साक्षीदार बोलून घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठवणदार ते सगळं राजाला जसंच्या तसं ऐकवायचा. त्याच्या तोंडून आलं ते खरं, राहिलं ते गेलं, असा तिथला कायदा होता.

धाकोजी हा तिथला जुना आठवणदार. चालीने संथ, पण एकदा डोक्यात घेतलेलं वाक्य त्याने कधी सांडलं नाही. पुढे राज्य वाढलं, भांडणंही वाढली आणि साक्षी एका डोक्यात मावेनाशा झाल्या. मग कारभाऱ्याने परमुलखातून रायाजीला आणलं. रायाजी भलताच चपळ होता, आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

काम वाटून दिलं गेलं. साक्षीदाराचं एक वाक्य धाकोजीने घ्यायचं, पुढचं रायाजीने. संध्याकाळी साक्ष घेताना आणि सकाळी ती ऐकवताना कारभारी टिपरी वाजवी आणि प्रत्येक ठोक्याला एक वाक्य बोललं जाई. ठोका अर्थातच धाकोजीच्या चालीचा होता. आपलं वाक्य घेऊन रायाजी ताटकळत बसे आणि मनातल्या मनात चरफडे. घोड्याला बैलगाडीला जुंपल्यासारखं त्याला वाटे.

शेवटी त्याने कारभाऱ्याचे कान भरले. ठोक्याचा वेग वाढवला तर दरबार जेवणाआधी उठेल, असं त्याने पटवलं. दरबार लांबतो म्हणून राजाची बोलणी खाणाऱ्या कारभाऱ्याला हे गोडच लागलं. धाकोजी एवढंच म्हणाला, "मला झेपायचं नाही." त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी येसू कुंभारणीची साक्ष होती. तळ्याकाठच्या जमीनदाराने तिला माती काढू द्यायचं बंद केलं होतं. मातीवाचून चाक बंद, चाक बंद म्हणजे चूल बंद. डोंगरापलीकडच्या गावचा एक म्हातारा तिच्या बाजूने बोलायला आला होता. टिपरी भराभर वाजली, म्हातारा ठोक्यावर बोलला आणि आपल्या वाटेने गेला.

सकाळी राजापुढे रायाजी म्हणाला, "जमीनदाराची हद्द कडुलिंबापर्यंत." पुढचा ठोका धाकोजीचा होता. त्याचे ओठ हलले, पण वाक्य आलं नाही, आणि त्या घाईत ती गप्प जागा कुणाच्या ध्यानातही आली नाही. रायाजी पुढचं बोलला, "हद्दीत कुणी खणू नये." राजाने माती बंद केली.

येसू रडली नाही. ती रायाजीसमोर येऊन उभी राहिली. "कडुलिंबापलीकडचा गाळ कुंभारांचा, असं ते साक्षीला आलेले आजोबा बोलले होते. तुम्ही तिथंच बसला होता. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

रायाजीला ऐकू आलं होतं. पण ते वाक्य त्याच्या वाटणीचं नव्हतं, म्हणून त्याने ते धरून ठेवलंच नव्हतं. आता येसूने सांगितल्यावर ते आठवत होतं, पण कुणी सांगितल्यावर आठवलेलं कायद्याला चालत नव्हतं. त्याला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

कारभाऱ्याने सगळं खापर धाकोजीवर फोडलं आणि त्याला घरी बसवलं. पुढची साक्ष रायाजीने एकट्याने घेतली. अर्ध्या वाटेवरच त्याचं डोकं भरलं. नवं वाक्य आत आलं की जुनं बाहेर पडे. तेव्हा तो आपणहून राजाकडे गेला. "चूक ठोक्याची होती, महाराज, आणि ठोका मी वाढवायला लावला. धाकोजीकाकांना बोलवा, टिपरी त्यांच्या चालीने वाजू द्या आणि त्या म्हाताऱ्याची साक्ष पुन्हा घ्या."

राजाने तसं केलं. या वेळी एकही वाक्य सांडलं नाही आणि गाळ येसूचा ठरला. पण म्हाताऱ्याला डोंगरापलीकडून आणेपर्यंत पावसाने तळं भरलं होतं आणि गाळ पाण्याखाली गेला होता. त्या वर्षी येसूने दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी केली. तिचं चाक कोपऱ्यात उभं राहिलं.

दरबार पुन्हा जेवणाच्या वेळेपलीकडे लांबू लागला. रायाजी आपलं वाक्य घेई आणि मग धाकोजीचं वाक्य पुरतं घेऊन होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसे. चरफडणं मात्र त्याने सोडलं होतं.

तात्पर्य : जोडीने करायचं काम मागच्याच्या चालीने गेलं तरच पुरं पोचतं, पुढच्याच्या चालीने नेलं तर ते लवकर पोचतं, पण अर्धंच.