आवडीची ओ

फार वर्षांपूर्वी, सड्यावर ना रस्ता होता ना दिव्याचा खांब, तेव्हाची ही गोष्ट. खरी की खोटी ते मला विचारू नका. गावाला विचारलंत तर गाव सांगेल, "असं म्हणतात." आमच्या गावाला हे दोन शब्द फार सोयीचे पडतात.

गावाच्या माथ्यावर एक राई आहे आणि राईला लागून सडा. राईत देव, म्हणून तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. सडा म्हणजे नुसता कातळ नि गवत. त्याला देव नाही, म्हणून शिमगा सरला की गाव तो पेटवून देई. नवं गवत जोमानं येतं म्हणे! त्या गवतात टिटव्यांची अंडी असत, लाव्यांची पिल्लं असत, सशिणी व्यालेल्या असत. राईतल्या पाखराला ढेकूळ मारलं तर दंड, आणि इथं सगळी भाजून निघाली तरी कुणाला सोयरसुतक नाही.

ते लागलं एकट्या आवडीला. नाव आवडी, पण गावात आवडती कुणाचीच नव्हती. राईच्या कडेला खोपटात राहायची, पुढे ना मागे कुणी. सडा पेटवायच्या दिवशी ती पहाटेच कोयता घेऊन वर जायची. पिल्लं ओच्यात घालून राईत आणून सोडायची. टिटवीची अंडी हलवली तर आई परत फिरकत नाही, म्हणून घरट्याभोवतीचं गवत गोल कापून ठेवायची. आग तिथवर येऊन विझायची. तापल्या कातळावर तिच्या पायांना चटके बसत नसत, असं म्हणतात. बसत असणारच की! कोण गेलं होतं बघायला?

गावानं तिला एवढीच सवलत दिली होती, की ती उतरल्याशिवाय काडी ओढायची नाही. गावचा पुढारी सोमा गावकार खालून हाक मारी, "आवडे, इलंस गोऽऽ?" राईच्या तोंडाशी पोचली की ती आले म्हणून ओ देई, "इलंयऽऽ!" मग आग लागे.

राईत एक काळा कोतवाल पक्षी होता, शेपटीला दोन झुपके असलेला. मांजर, कोंबडा, माणूस, ज्याचा आवाज ऐकेल त्याची नक्कल करी. त्यानं आवडीची ओ उचलली. येताजाता "इलंयऽऽ" म्हणे नि बायका पाण्याच्या वाटेवर हसून लोळत. सगळ्या गावाला ठाऊक होतं हो ते!

त्या वर्षी ऊन रणरणत होतं. मंडळी आग लावायला झावळ्यांच्या चुडी घेऊन ताटकळली होती. "हिच्या अंड्यांपायी आमचो दीस गेलो," अशी कुरकुर चालली. गावकारानं हाक मारली. राईतून लगेच ओ आली, "इलंयऽऽ!"

"पाखरू आसतला ता," कुणीतरी म्हणालं.

"पाखरू आसो नायतर बाई," गावकार म्हणाला, "ओ इली ना?" आणि त्यानं काडी ओढली.

आवडी तेव्हा सड्याच्या पार टोकाला, शेवटच्या घरट्यापाशी ओणवी होती. आपलाच आवाज लांबून आलेला तिनं ऐकला. "अगो बाय, मी तर हंयच आसंय!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली, पण वारा उलटा होता. धूर दिसला तेव्हा पळायला वेळ होता, असं म्हणतात. पण रिंगण अर्धंच कापून झालं होतं आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. आवडीनं पुन्हा कोयता चालवला.

राख निवल्यावर लोक वर गेले. सगळा सडा काळा पडला होता. टोकाला तेवढं एक गोल रिंगण, भर उन्हाळ्यात हिरवंगार, त्यात टिटवीची अंडी नि बाजूला कोयता. आवडी कुठंच नव्हती. ती टिटवी होऊन उडून गेली, असं म्हणतात. म्हणायला बरं आहे. राख कुणाची, ते मग चाळून बघावं लागत नाही.

आता तिथं शेंदूर फासलेला धोंडा आहे. टिटवीबाय म्हणतात तिला. जिवंतपणी जिला कुणी भाकरी विचारली नाही, तिची आता खणानारळानं ओटी भरतात. शिमगा सरला की सगळा गाव सड्याखाली जमतो. गावकाराच्या घराण्यातला कुणी पुढे होऊन हाक मारतो, "आवडे, इलंस गोऽऽ?" राईत आजही कोतवाल आहेत. कुठूनतरी ओ येते, "इलंयऽऽ!"

बायनं हुकूम दिला म्हणून सगळे हात जोडतात. मग काडी ओढतात. वर जाऊन बघत मात्र कुणीच नाही.