तहानलेली वाफ

सांगा पाहू, ओला कागद पाण्यानं वाळवता येईल का?

सोनकोटच्या गजराव महाराजांना तो तसाच वाळवून हवा होता! त्यांचं सगळ्यांशीच बिनसलं होतं ना. वाऱ्यानं भर दरबारात पगडी उडवली, म्हणून वारा हद्दपार. उन्हानं नाक काळं केलं, म्हणून ऊन हद्दपार. विस्तवानं मिशीचं एक टोक जाळलं, म्हणून त्याला कागदाजवळ फिरकायची बंदी.

“पाणी तेवढं इमानी!” महाराज गरजले. “आमच्या फर्मानांचा कागद पाण्यानंच वाळवायचा! तोवर दाऊदमिया हौदात बसेल!”

दाऊदमिया म्हणजे गावातला म्हातारा कागद बनवणारा. त्याच्याच लगद्याच्या हौदात त्याला गळ्यापर्यंत बसवलं. आधीच दम्याचा माणूस तो, शिंकांवर शिंका देऊ लागला. त्याची लेक जैतून धावत आली.

“अब्बा, अंग गार पडलंय तुमचं!”

“बेटी, आणखी थोडा वेळ बसलो तर माझाच कागद होईल!”

जैतूननं ओढणी कमरेला खोचली आणि थेट दरबार गाठला.

“महाराज, आपल्या आंघोळीचं पाणी कशावर तापतं?”

“विस्तवावर! मग काय आम्ही गारठून मरावं?”

“म्हणजे विस्तवानं पाण्याची चाकरी केलेली चालते?”

महाराजांनी उरलेली मिशी चोळली. “चाकरी चालेल. पण कागदाला शिवला तर याद राख!”

जैतूननं चुलीवर पाण्याचा हंडा चढवला, झाकण कणकेनं लिंपलं आणि वाफेची नळी एका तांब्याच्या पिंपात सोडली. पिंपात ओले कागद टांगले होते. थोड्या वेळानं उघडून बघते तर काय, कागदाचं पार दही झालेलं!

प्रधान पोट धरून हसले. “पोरी, यात मीठ घाल, कढी होईल!”

तिकडून हौदातली शिंक ऐकू आली. जैतूनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण डोकं चालूच होतं. या वाफेचं पोट पाण्यानं टम्म भरलंय. ती आणखी कशाला पिईल? हिला आधी तहान लावायला हवी!

तिनं नवे ओले कागद टांगले आणि नळीचा मधला भाग लाल निखाऱ्यांवरून नेला. हंड्यातून निघालेली वाफ निखाऱ्यांवर तापत तापत पिंपात शिरू लागली. पिंपाला एक भोक होतं. महाराज त्यावर वाकले.

“इथं तर काहीच दिसत नाही! वाफ पळाली!”

“बोट घालू नका महाराज, भाजेल! आहे ती आतच. पांढरी दिसते ती प्यालेली असते.”

“आमच्या राज्यात वाफ पिते?” महाराज दचकले.

“पाणी पिते, महाराज! ही तहानलेली आहे, म्हणून दिसत नाही.”

पिंप उघडलं. कागद कडकडीत वाळले होते, हातात घेताच वाजले!

“पण सरपण केवढं जळालं!” प्रधानांनी नाक मुरडलं.

“वाया नाही घालवलं, प्रधानजी. कागदाचं पाणी पिऊन बाहेर पडणारी वाफ दुसऱ्या नळीनं महाराजांच्या घंगाळात सोडलीय. हात लावून बघा. वेगळं लाकूड न जाळता आंघोळीचं पाणी तापलंय!”

महाराजांनी मात्र डोळे बारीक केले. “खरं सांग! कागद वाळवला कुणी? विस्तवानंच ना?”

“महाराज, आपण घोडा दामटून आणता. घोड्याला तहान लागते. मग हौदातलं पाणी कोण पितं? घोडा की आपण?”

“घोडा! आम्ही हौदात तोंड घालतो की काय?”

“तसंच आहे बघा. विस्तवानं नुसतं दामटलं. कागदातलं पाणी प्यायलं ते पाण्यानंच!”

महाराज गदगदा हसू लागले. हसता हसता त्यांना उचकी लागली.

“काढा रे त्या म्हाताऱ्याला बाहेर! घंगाळातलं ऊन पाणी त्याला द्या, आमची शाल द्या! आणि यापुढं दरबारचा सगळा कागद ही पोर करील!”

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याचा धोबी महाराजांची ओली धोतरं घेऊन जैतूनच्या दारात उभा होता.