रुखवतातला सावकार

लग्न चार दिवसांवर आलं आणि वरपिता बापूसाहेब इनामदारांनी निरोप धाडला, "रुखवतात लाडू-चिवडा नको, चांदीची भांडी हवीत! पैसे नसतील तर कर्ज काढा. आमच्या घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे!"

वधूच्या आईने, मथुराकाकूंनी, मनाशी हिशेब मांडला. घरात होतं नव्हतं ते लेकीच्या शालूत संपलेलं. कर्ज काढलं तर जन्मभर फेडत बसायचं, नाही म्हटलं तर लग्न मोडायचं! पण एकाएकी त्यांचे डोळे लकाकले. पदर खोचून त्या तडक त्रिंबकशेट सावकाराच्या पेढीवर गेल्या. काय कानगोष्ट झाली कोण जाणे, शेटजी पोट धरधरून हसले!

लग्नाच्या दिवशी रुखवतावरचा पडदा सरला आणि मांडवभर गलका उठला. चांदीची ताटं, तांबे, समया नुसत्या झळाळत होत्या, आणि त्यांच्या मधोमध पाटावर, गळ्यात हार घालून, खुद्द त्रिंबकशेट बसले होते!

"हे काय सोंग?" इनामदार गरजले.

"तुम्हीच म्हणालात ना, कर्ज काढा? काढलं," काकू हात जोडून म्हणाल्या. "रुखवतात मांडलेलं सगळं मुलीबरोबर सासरी जातं, ही तर आपली रीतच. तेव्हा भांडी तुमची आणि शेटजीही तुमचेच. कर्ज फिटेपर्यंत तुमच्या ओसरीवर राहतील."

"मला जेवायला साजूक तूप लागतं हं," शेटजींनी बजावलं.

मांडवात हशा पिकला. इनामदारांनी उपरण्याने घाम पुसला.

"नको, नको! ज्याची चांदी त्याला देऊन टाका. विहीणबाई, ते... लाडू आहेत का हो?"

काकूंनी खांबाआडचा डबा पुढे सरकवला. लाडू त्यांनी कालच वळून ठेवले होते.