शेळीनं खाल्लेली चौथी ओळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि आपल्यापासून सात समुद्र पलीकडची. अमेरिकेच्या दक्षिण भागात, टेनेसीच्या डोंगरांत, लॉरेल नावाचं एक खोरं होतं. तिथले लोक मका पेरायचे, खेचरं पाळायचे आणि देवाची गाणी चौघाचौघांनी मिळून गायचे. एकानं वरचा सूर धरायचा, दोघांनी मधले आणि चौथ्यानं खर्ज. अक्षरशत्रूलाही गाता यावं म्हणून त्यांच्या पुस्तकांत प्रत्येक सुराला वेगळा आकार असे. कुणाला त्रिकोण, कुणाला चौकोन.

तिथे जेथ्रो नावाचा नावाडी होता. तो नुसता गुणगुणला तरी नदीच्या तळाचे मासे वर येऊन ऐकायचे, असं म्हणतात. गाण्यासाठी यायचे की त्याच्या मक्याच्या भाकरीसाठी, ते मला विचारू नका.

एकदा खोऱ्यानं गाण्यांचं पुस्तक मागवलं. साऱ्या खोऱ्यात मिळून एकच. ते जेथ्रोच्या होडीतून आलं, आणि होडीत त्याची शेळीही होती. जेथ्रो वल्हं मारत गात राहिला आणि शेळीनं पुस्तकाची खालची कड निवांत चघळून टाकली. पानावर चार ओळी, त्यातली सगळ्यांत खालची खर्जाची. दीडशे गाण्यांचा खर्ज शेळीच्या पोटात गेला.

काठावर सगळं खोरं वाट बघत उभं. जेथ्रोला घाम फुटला आणि तोंडातून निघून गेलं, "घाबरू नका, खालची ओळ मी वाटेत पाठ केलीय!"

नदी ओलांडायला लागायचा पाव तास. पण कुणी काही विचारलं नाही.

मग काय, बोलून बसला होता, खर्ज गावाच लागला. तो आणायचा कुठून? जेथ्रो दिवसभर होडीत बसून ऐकू लागला. पाणी खडकाला वळसा घालून कसं खाली उतरतं, पुराच्या आधी कसं घुमतं, तसा तो सूर लावी. अशी अकरा वर्षं गेली. त्याचा खर्ज लागला की चर्चची घंटा कुणी हात न लावता घुमायची, असं म्हणतात. लोक डोळे पुसायचे. जेथ्रोच्या मनात मात्र चोराचं चांदणं.

बाराव्या वर्षी मे महिन्यात गाण्याचा मेळा भरला. सकाळभर गायचं, दुपारी झाडाखाली घरोघरचं जेवण मांडायचं आणि पुन्हा गायचं. त्या मेळ्याला पुस्तकं छापणाऱ्यांकडचे चार गवई आले, नव्या कोऱ्या पुस्तकांची पेटी घेऊन. त्यांना पैलतीरावरून आणलं जेथ्रोनंच. पेटी पाण्यात लोटून द्यावी असं त्याच्या मनात आलं, पण गाणी बुडवायला त्याचा हात धजेना.

चौघे गायला उभे राहिले. त्यांच्यातला हॉलिस खर्ज गात होता, पुस्तकातला एकेक आकार अगदी चोख. जेथ्रो मागच्या बाकावर मान खाली घालून बसला. आता आपलं बिंग फुटणार, आणि पुन्हा आपल्याला कुणी गायला बोलावणार नाही, या विचारानं त्याचा जीव अर्धा झाला.

पहिलं कडवं संपायच्या आत केझाया मावशी उठल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत.

"थांब रे पोरा, तुझं चुकतंय."

"मावशी, छापलंय तेच गातोय मी."

"मग छापणाऱ्याचं चुकलं असेल. आमच्या जेथ्रोचं ऐक."

जेथ्रोला राहवेना. तो उभा राहिला. "मावशी, त्याचंच बरोबर आहे. ती ओळ माझ्या शेळीनं खाल्ली. अकरा वर्षं मी मनचंच गातोय."

मावशी हसल्या. "शेळीच्या दाढीला कागद चिकटला होता, तो सगळ्या खोऱ्यानं पाहिला होता रे! पण तू गायला लागलास, आणि मग कुणाला बोलावंसंच वाटलं नाही."

जेथ्रो लहान पोरासारखा रडला. हॉलिसनं आपल्या कोऱ्या पुस्तकाची खालची कड वर दुमडली, जागा रिकामी केली आणि म्हणाला, "या दादा, चौथे तुम्ही."

त्या दिवशी जेथ्रो असा गायला, की त्याची होडी दोर सोडून, चढ चढून चर्चच्या पायरीशी आली, असं म्हणतात.

आज लॉरेलमध्ये प्रत्येकाच्या हातात अख्खं पुस्तक असतं. तरी मेळ्याच्या शेवटच्या गाण्याला सगळे पानाची खालची कड वर दुमडतात, आणि खर्ज गाणारा नदीकडे तोंड करून उभा राहतो. आणि झाडाखाली जेवण मांडलं, की पहिलं ताट शेळीचं.