बाहीवरची रेघ

"मग हिला दोष म्हणायचं, की कॅरेक्टर?"

जॅकेट उलटंसुलटं करून मोहिते साहेबांनी विचारलं. पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, वीतभर लांबीची एक फिकट रेघ होती.

"कॅरेक्टर," वृंदा म्हणाली. जराही न थांबता म्हणाली.

आबा खिडकीपाशी बसून दोऱ्याला मेण लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कोल्हापुरातल्या त्या दोन खोल्यांच्या कारखान्यात वर्षाला जेमतेम वीस जॅकेटं होत. सगळी म्हशीच्या जाड कातड्याची, सगळी हातशिलाईची, सगळी महाग. जोतीराम सातपुते, म्हणजे आबा, ती गेली बेचाळीस वर्षं शिवत होते. वृंदा केळुसकर त्यांच्याकडे शिकायला येऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी ती चेन्नईला एका मोठ्या कंपनीत कातड्याची प्रत ठरवायची. डोळे मिटून नुसता हात फिरवला तरी कातडं जनावराच्या मानेचं की पोटाचं हे सांगायची, आणि हे तिला येतं हे लोकांना कळेल याचीही काळजी घ्यायची.

जॅकेटला लटकवायची चिठ्ठी तिचीच कल्पना. जाड कागदावर छापलेलं वाक्यही तिचंच. 'यावरच्या खुणा म्हणजे दोष नव्हेत. ते या कातड्याचं व्यक्तिमत्त्व आहे.'

लोकांना ते वाक्य फार आवडे. खुणा नसलेलं जॅकेट हाती आलं तर काही जण खट्टू होत.

मोहित्यांनी चिठ्ठी वाचली. ते सांगलीचे, वर्षापूर्वी निवृत्त झालेले. परवा पहाटे मोटारसायकलवरून एकटे हिमालयात, स्पितीला निघणार होते. या जॅकेटसाठी सात महिने थांबले होते.

त्यांनी उजवी बाही हातात घेतली. कोपराच्या जरा खाली त्यांचं बोट अडलं.

"आणि ही?"

चार बोटं लांब, बारीक रेघ.

"…तीही," वृंदा म्हणाली.

आबांच्या बोटांतला दोरा थांबला.

"वा! म्हणजे दोन-दोन," मोहिते हसले. "पाठीवरची कशी आली असेल हो?"

हे वृंदाला आवडीचं होतं. तिनं रेघेवर अंगठा फिरवला. "शिंग लागलंय. गोठ्यात दोन म्हशी झुंजल्या असणार. हे बघा, कडा कशा गोल आहेत, आणि मधे जखम भरून येताना कातडं उलट जाड झालंय. ओढून बघा. इथून कधीच फाटणार नाही."

मोहित्यांनी ओढून पाहिलं. खरंच होतं.

"आणि बाहीवरची?"

वृंदानं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. "काटा असेल. बाभळीचा."

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं.

"पोरी," आबा म्हणाले.

"हं?"

"जाकीट घाल."

तिला वाटलं, ते मोहित्यांना म्हणाले. "साहेब, घालून बघता?"

"साहेब न्हाई. तू घाल."

"मला फार मोठं होईल, आबा."

"हूं दे."

वृंदानं जॅकेट अंगात घातलं. खांदे उतरले, बाह्या बोटांवर आल्या. मोहिते गंमत वाटून बघत होते. त्यांना वाटलं, असतील काही जुन्या कारागिराच्या तऱ्हा.

"हात फुडं घे. गाडी चालवतात तसं."

तिनं हात पुढे केले. कोपरात बाह्या वाकल्या.

"आता पड," आबा म्हणाले.

"…काय?"

"घाटात हायेस. खडी हाय. चाक घसरलं. पड."

वृंदा तशीच उभी राहिली, हात पुढे धरून. आबा तिच्याकडे बघत होते. रागानं नाही. सुईत दोरा ओवताना बघत, तसंच.

उजव्या बाहीच्या आत, त्या रेघेखाली तिचा हात होता. कातडं वाकलं तसं रेघेवरचं मेण तडकलं होतं. तिला ते दिसत नव्हतं. कळत होतं.

तिनं हात खाली घेतले. जॅकेट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"साहेब, ही रेघ जनावराची नाही."

"म्हणजे?"

"माझी आहे. बाहीची कड पातळ करताना रापीचं पातं घसरलं. मंगळवारी, जेवणानंतर. तेव्हा आबा नव्हते. त्याच रंगाचं दुसरं कातडं शिल्लक नव्हतं, आणि तुम्ही आज येणार होता. मी मेण भरलं, रंग दिला, इस्त्री फिरवली."

मोहित्यांनी बाही उचलली आणि उजेडात धरून वाकवली. रेघ उघडली. आतून कातड्याचा कच्चा, भुरकट रंग दिसला.

"किती खोल आहे?"

"निम्म्याच्या वर."

"आणि मी पडलो असतो तर?"

वृंदानं उघडलेल्या रेघेकडे बोट केलं. "तिथूनच उघडलं असतं."

मोहिते खुर्चीवर बसले. टेबलावरची चिठ्ठी त्यांनी पुन्हा वाचली. आता मात्र ते हसले नाहीत.

"आधीच्या जॅकेटांवर पण… असं काही?"

"नाही. ही पहिलीच."

त्यांनी मान वळवली. तिच्याकडे नाही, आबांकडे पाहिलं.

"खरं बोलतीया," आबा म्हणाले.

तेव्हा कुठे मोहित्यांनी मान हलवली.

वृंदानं ते पाहिलं. चेन्नईच्या कंपनीत अख्खी गाडीभर कातडी तिच्या एका शब्दावर परत जायची. इथे तिच्या शब्दाला दुसऱ्याची साक्ष लागली होती.

मोहिते म्हणाले, "द्या तसंच. मी जपून चालवीन. सात महिने वाट बघितलीय, आता काय…"

"न्हाई, साहेब," आबा म्हणाले. "ह्ये हितनं भाईर जायाचं न्हाई."

"अहो, मला चालतंय ना."

"तुमाला चालंल. रस्त्याला चालायचं न्हाई."

नव्या बाहीसाठी कातडं मागवायचं, रंगवायचं, वाळवायचं. बारा दिवस तरी लागले असते. मोहित्यांचा प्रवास परवा होता. तो पुढे ढकलण्यासारखा नव्हता, कारण मनालीला त्यांचा जुना मित्र येऊन थांबणार होता.

ते उठले. खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं आपलं जुनं रेक्झिनचं जॅकेट त्यांनी अंगात चढवलं. त्याची चेन अर्ध्यात अडकली. वृंदा मदतीला पुढे झाली आणि मग थांबली. त्यांनी स्वतःच ती ओढून वर घेतली.

दारात ते वळले.

"परत आल्यावर घेऊन जाईन," ते म्हणाले. "पाठीवरची रेघ तेवढी तशीच ठेवा."

"हो," वृंदा म्हणाली.

मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. मग बंद झाला.

वृंदा खाली बसली. कात्री घेऊन तिनं उजव्या बाहीची शिलाई उसवायला घेतली. एकेक टाका. घाई केली असती तर खांद्याकडच्या कातड्याला भोकं पडली असती. बाही सुटायला तासभर गेला. तेवढ्या वेळात आबांनी दोन वेळा चहा मागवला. दोन्ही वेळा तिनं तो थंड होऊ दिला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"बुधवारी. हात लावला तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

आबा दोऱ्याला मेण लावत राहिले.

"चार दिवस, आबा! चार दिवस रोज मी तुमच्यासमोर बसून जेवले."

"व्हय. मी बी तुझ्यासमोर बसून जेवलो की."

…

तिनं सुटी झालेली बाही मांडीवर पसरली. रेघ आता चांगलीच रुंद दिसत होती. मेण निघून आलं होतं, आणि ज्या रंगाचा तिला मंगळवारी अभिमान वाटला होता तो नखानं खरवडला तरी सुटत होता.

"त्यांनी तुमच्याकडे पाहिलं," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी. आता हे असंच राहणार. नवं जॅकेट कितीही चांगलं झालं तरी ते हात फिरवून बघणार. तुम्हीही बघणार."

"बघीन की."

मग जॅकेटची पाठ तिनं बाहीशेजारी ओढली. दोन्ही रेघा शेजारी-शेजारी आल्या. वरवर बघणाऱ्याला त्यांत फरक कळला नसता.

"आबा, एक सांगा. म्हशीला शिंग लागलं तीही जखमच. माझी रापी लागली तीही जखमच. तिची खूण मिरवायची आणि माझी टाकून द्यायची. असं का?"

आबांनी मेणाचा गोळा खाली ठेवला. धोतराला हात पुसले. पुढे वाकून त्यांनी तिच्या मांडीवरची बाही उचलली, रद्दीच्या टोपलीत टाकली, आणि रिकाम्या झालेल्या तिच्या हातात नव्या बाहीचा कागदी साचा दिला.

"म्हस जित्ती हुती, पोरी, म्हून तिची भरून आली," ते म्हणाले. "तू बी जित्ती हायेस."