भात शिजेपर्यंत

“...म्हणजे सोमवारीच राजीनामा देऊन टाकतो. तुम्ही फक्त हो म्हणा, बुवा. म्हणता ना?”

रंगनाथबुवा तांदूळ निवडत होते. एक खडा सापडला. तो त्यांनी उजेडात धरून नीट पाहिला आणि खिडकीबाहेर टाकला.

“कुणाचा राजीनामा?”

“माझा!”

“अस्सं.”

इंद्रजित ढवळे डोंगर चढून आला होता तो उपदेश घ्यायला नव्हे, होकार न्यायला. उपदेश घ्यायला येणारी माणसं अर्ध्या वाटेवर बसून पाणी पितात. हा गडी दोन-दोन पायऱ्या एकदम ओलांडत वर आला होता.

बुवा मठाचा स्वयंपाक सांभाळत. मठात येणाऱ्यांना एवढंच माहीत. इंद्रजितच्या लेखी मात्र ते पाताळातल्या पक्ष्यांच्या पाच खंडी कादंबरीचे लेखक होते. शाळेत असताना ती कादंबरी गणिताच्या पुस्तकात लपवून वाचल्यामुळे त्याने गणितात सपाटून मार खाल्ला होता, आणि त्याचा त्याला अजून अभिमान होता.

“तुम्ही संसार सोडलात म्हणून पाच खंड झाले,” तो म्हणाला. “मी निदान नोकरी तरी सोडतो.”

“संसार सोडला रे. स्वयंपाक कुठे सुटला?”

“पण लिहायला वेळ तर मिळतो ना? केव्हा लिहिता तुम्ही?”

“भात शिजतो तेव्हा.”

इंद्रजित हसला. मग बुवा हसत नाहीत हे पाहून थांबला.

“आणि वरण शिजतं तेव्हा?”

“तेव्हा वरणाकडे बघतो. डाळ बुडाला लागते.”

...

“तुझं कुठवर आलंय?” बुवांनी विचारलं.

या प्रश्नाची तर तो वाटच पाहत होता. त्याने मांडी बदलली, गळा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. तीन चंद्रांचं राज्य होतं. तिन्ही चंद्रांची नावं ठेवून झाली होती, नद्यांचे नकाशे काढून झाले होते, राक्षसांच्या भाषेत शिव्यासुद्धा तयार होत्या. दोनतीन त्याने म्हणूनही दाखवल्या. बुवांनी मान डोलावली. शिव्या खरंच चांगल्या होत्या.

“आणि गोष्ट?”

“गोष्ट...” इंद्रजितचा आवाज जरा खाली आला. “माझी नायिका, वैदूर्या, गडाच्या दाराशी येऊन बसली आहे. दार मंतरलेलं. तटावर सात फण्यांचा पहारेकरी. आत तिचा भाऊ कैदेत.”

“मग?”

“मग बसली आहे.”

“कधीपासून?”

“गेल्या दिवाळीपासून.”

बुवांचा हात तांदळात थांबला.

“माझी बायकोसुद्धा हसते,” इंद्रजित म्हणाला. “नवीनच लग्न झालंय आमचं. परवा म्हणाली, अहो, तिला निदान सतरंजी तरी द्या बसायला.”

बुवांना हसू आलं, पण ते त्यांनी तांदळात घातलं.

“नोकरी कसली म्हणालास?”

“नगरपालिकेत. पाणीपुरवठा. लोकांच्या तक्रारी घ्यायच्या. कुठे नळ फुटला, कुठे चढावर पाणी पोचत नाही, कुणाच्या टाकीत बेडूक आला... ते जाऊ द्या हो बुवा, त्याचा काय संबंध? संध्याकाळी घरी येतो तेव्हा डोक्यात नुसत्या पायपा असतात. आत सगळं पेटलेलं आहे, बुवा, शपथेवर सांगतो. आणि वर ही नोकरी पसरलेली. एकदा ती बाजूला झाली ना, की बघाच तुम्ही.”

बुवांनी तांदूळ पाण्यात टाकले आणि हात झटकून उठले.

“मी मळ्यातून माठाची भाजी खुडून येतो. चुलीकडे लक्ष ठेव.”

“काय करायचं चुलीचं?”

“काही नाही.”

दाराशी जाऊन ते वळले. “या चुलीला काडी लावत नाहीत, ठाऊक आहे ना? मठाचा दंडक आहे. कालच्या विस्तवावर आजचा भात. वाडीतसुद्धा इथूनच विस्तव जातो.”

“ठाऊक आहे, बुवा. निर्धास्त जा.”

बुवा गेले.

इंद्रजित चुलीसमोर बसला. चुलीत काही नव्हतं. म्हणजे नुसती राख होती, करडी, मऊ, थापून बसवलेली. सकाळच्या चहानंतर बुवांनीच ती वर लोटली असणार. विस्तव कुठे दिसेना. त्याने हात पुढे धरला. फारशी धगही लागेना.

काही नाही करायचं... पण विझली तर?

त्याला त्या निखाऱ्यांची कीव आली. एवढा ढिगारा अंगावर घेऊन कुणीही गुदमरेल. त्याने चिमटा घेतला आणि राख एका बाजूला ओढली. खाली चारपाच निखारे निघाले, डोळे चोळत उठल्यासारखे. त्याने फुंकणी तोंडाला लावली.

आणि काय सांगावं! निखारे असे रसरसले, की भिंतीवरची काजळीसुद्धा तांबूस झाली. आत जाळी चमकत होती, कडांवरून निळसर ज्योत पळत होती. पहारेकऱ्याचे डोळे! हेच ते डोळे! इंद्रजित चुलीशी गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि बघत राहिला. त्याने मनातल्या मनात तो प्रसंग लिहायला घेतला. डोळ्यांवर एक उपमा सुचली, तिच्यावर दुसरी. मग फण्यांना सुचल्या. मग सोमवारी साहेबांपुढे काय बोलायचं, ते सुचलं. ते तर फारच झकास सुचलं. साहेबांचं उत्तरही त्यानेच म्हणून टाकलं.

बुवा उपरण्यात भाजी धरून आले, तेव्हा तो दाराकडे पाठ करून हसत होता.

बुवांनी चुलीकडे पाहिलं.

इंद्रजितनेही पाहिलं.

चुलीत पांढरे गोळे होते. बुवांनी त्यातल्या एकाला चिमट्याचं टोक लावलं. तो गोळा आवाजही न करता ढासळला.

...

“आत्ता होते, बुवा. इतके छान पेटले होते...”

“पेटले असतील.”

“मी फक्त राख काढली. त्यांना वारा मिळावा म्हणून.”

“मिळाला.”

आतल्या खोलीत दोन यात्रेकरू म्हातारे जेवणाची वाट पाहत होते. त्यातला एक खोकला. इंद्रजितचा हात खिशाकडे गेला.

“माझ्याकडे लायटर आहे.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात आपणच परत आला.

“खाली वाडीत पहिलं घर सोनाआक्काचं,” बुवा म्हणाले. “सकाळीच इथून विस्तव नेलाय तिनं. घेऊन ये.”

“कशात आणू?”

बुवांनी कोपऱ्यातलं फुटक्या माठाचं खापर उचलून त्याच्या हातात दिलं.

आलेल्या पायऱ्या तो उतरला, या वेळी एकेक. सोनाआक्का अंगणात शेळीला पाला घालत होती. शहरी कपड्यातला पाहुणा हातात खापर घेऊन येताना तिने पाहिला आणि ती शेळीला सोडून कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

“काय वो पाव्हणं? मठाची चूल इझली?”

“विझली.”

“बुवांच्या हातनं?”

“...नाही.”

“तरीच!” ती म्हणाली. तिला एवढं हसू आलं, की तिने पदर तोंडात धरला. “सासूच्या येळेपास्नं आमी वरनं इस्तू आनतो. आज पैल्यांदा खालनं वर चालला. या, द्या हिकडं.”

तिने खापरात राखेचा थर घातला, त्यावर दोन ठसठशीत निखारे ठेवले. ती आणखी काही करणार होती, पण इंद्रजितला घाई झाली होती. वर दोन म्हातारे उपाशी होते. तो खापर घेऊन निघालासुद्धा.

“आवो पाव्हणं...”

“पोचवतो, आक्का!”

अर्ध्या चढावर वळण होतं. तिथे झाड नव्हतं की दगड नव्हता, आणि वारा थेट खिंडीतून येत होता. तो खापरावर आला आणि निखारे लालभडक झाले. परत तीच जाळी, तीच निळी कड. क्षणभर इंद्रजितला पुन्हा पहारेकऱ्याचे डोळे दिसले.

आणि मग चुलीतले पांढरे गोळे दिसले.

तो मटकन खाली बसला. वाऱ्याकडे पाठ केली. बोटांनीच खालची राख उकरून निखाऱ्यांवर लोटली. बोट भाजलं, तसा तो राक्षसांच्या भाषेत ओरडला. आणखी राख लोटली. लाल रंग गेला. धूरसुद्धा दिसेना. खापरात आता राख होती, करडी, मऊ. बघण्यासारखं काही नव्हतं.

उरलेला चढ त्याने सावकाश चढला. आत काही जिवंत आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता. उघडून पाहावं असं त्याला प्रत्येक पायरीला वाटलं. पण खापर तळहाताला पोळत होतं. तो हात बदलत गेला, आणि हात बदलत गेला तसतसा त्याचा जीव भांड्यात पडत गेला.

मठाच्या दारात बुवा उभे होते. त्यांनी खापर हातात घेतलं, वरची राख पाहिली, मग त्याची काळी झालेली बोटं पाहिली. खापर चुलीत उपडं केलं, हलकी फुंकर मारली.

लाल.

“आहे की,” बुवा म्हणाले.

चूल पेटली. भाताचं पातेलं चढलं. बुवांनी झाकण ठेवलं, तांदळाच्या कोठीमागे हात घालून कागदांचा एक गठ्ठा आणि बोटभर उरलेली पेन्सिल काढली, पाटावर बसले आणि लिहू लागले. डोळे मिटणं नाही, उसासा नाही. कुणी भाकरी थापायला बसावं, तसे.

इंद्रजित श्वाससुद्धा बेताने घेत होता.

झाकण खडखडलं. बुवांनी पेन्सिल ठेवली आणि उठले. इंद्रजितने मान उंचावून पाहिलं. शेवटच्या ओळीत एक पक्षी उडण्यासाठी पंख पसरून उभा होता, आणि क्रियापद आलेलंच नव्हतं.

“बुवा, वाक्य अर्धंच राहिलं!”

“भात उतू जातोय.”

“पण तो पक्षी...”

“तो कुठे जात नाही. उद्या भात आहेच.”

मठात एरवी ऐकू न येणारा भाताचा रटरट आवाज आता स्पष्ट ऐकू येत होता. इंद्रजितने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग चुलीकडे. मग त्याचा चेहरा एकदम उजळला, तशी बुवांनी भाजीची परडी त्याच्यापुढे सरकवली.

“बुवा! म्हणजे तुमचं म्हणणं असं, की नोकरी ही...”

“भाजी निवड.”

“पण मला कळलं! राख म्हणजे...”

“देठं काढ आधी. देठं कडक आहेत.”

तो देठं काढू लागला. पहिल्यांदा भराभर, मग एकेक. आतले म्हातारे भाताच्या वासाने उठून ओसरीवर येऊन बसले होते. त्यांनी पत्रावळी स्वतःच मांडून घेतल्या.

“सोमवारी साडेदहाला पोचायला हवं,” इंद्रजित स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. “शनिवारची एक तक्रार तशीच राहिली आहे. टेकडीवरच्या वस्तीत पाणीच चढत नाहीये. माणसं रोज येऊन ओरडतात.”

बुवांनी भाताखालचा जाळ ओढला, दोन निखारे झाकणावर ठेवले.

...

“आणि वैदूर्या?” इंद्रजितने विचारलं. आवाजात आता फुशारकी नव्हती. “ती किती दिवस बसणार, बुवा? दार मंतरलेलं आहे. वर पहारेकरी आहे. काही केल्या ती आत जात नाही.”

बुवांनी हात धुतले, उपरण्याला पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसले.

“दार राहू दे,” ते म्हणाले. “त्या गडावर पाणी कुठून येतं?”